सूर्य शांत आहे असं कधी म्हणायचं? मिनिमम, मॉन्डर आणि गच्चीवरची नोंदवही

मे 2020 मध्ये आपण सगळे घरात अडकलो होतो, तेव्हा 'आता सूर्यही लॉकडाऊनमध्ये' अशा बातम्या जगभर फिरल्या. सूर्यावरचे डाग गेले, मॉन्डर मिनिमम (सतराव्या शतकातला डागांचा दीर्घ दुष्काळ) परत येतोय, मग थंडी, उपासमार आणि भूकंप, असा त्यांचा सूर होता. आमच्या सांगलीतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीच बातमी पुन्हा पुन्हा येत राहिली. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. गच्चीवर सूर्याची प्रतिमा कागदावर घेऊन डाग मोजायची सवय नोकरीत असतानाच लागली. त्यामुळे 'ताई, हे खरं का हो?' असं विचारणारे फोन माझ्याकडे येतात. सूर्याबद्दल 'शांत' हा शब्द कुठे वापरायचा, कुठे वापरायचा नाही, आणि सूर्य खरोखर शांत आहे का हे आपल्या डोळ्यांनी कसं तपासायचं, ते या सगळ्यांसाठी एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सूर्य शांत होता असं म्हणायचा हक्क पाहणाऱ्यालाच असतो. डाग दिसला नाही ही एक नोंद आहे. कुणी पाहिलंच नाही ही नोंद नाही. हा फरक ज्याच्या मनात पक्का बसला, त्याचा हा शब्द वापरताना गोंधळ होत नाही.

शब्दांच्या पायऱ्या

सगळ्यात खालची पायरी म्हणजे डागरहित दिवस. त्या दिवशी सूर्याच्या पृथ्वीकडे असलेल्या बाजूवर एकही डाग नव्हता, इतकाच त्याचा अर्थ. मागच्या बाजूला असेलही. असा एखादा दिवस चक्राच्या ऐन भरातही येऊ शकतो, म्हणून एका कोऱ्या दिवसावरून काही ठरवू नये.

त्यावरची पायरी म्हणजे मिनिमम. सूर्यावरच्या डागांची संख्या साधारण 11 वर्षांत वाढते आणि उतरते. काही चक्रं नऊ-दहा वर्षांत आटोपतात, काही बारा-तेरापर्यंत लांबतात. दोन चक्रांमधला तळ म्हणजे मिनिमम. हा तळ रोजच्या आकड्यावरून ठरवत नाहीत. तेरा महिन्यांची सरासरी काढतात, तीत दोन टोकांच्या महिन्यांना अर्धं वजन देतात, आणि ती सरासरी सगळ्यात खाली असेल तो महिना मिनिममचा. म्हणजे मिनिमम येऊन गेल्यावर सहा महिने तरी तो कुणालाच ठाऊक नसतो. डिसेंबर 2019 हा मिनिममचा महिना होता, हे सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झालं. आता मे 2020 च्या बातम्या आठवून पाहा. सूर्य झोपी गेला म्हणून ओरड चालली होती, तेव्हा तळ मागे पडून पाच महिने झाले होते आणि पंचविसावं चक्र सुरूही झालं होतं.

पुढची पायरी खोल मिनिममची. 2008 आणि 2009 ही दोन्ही वर्षं तशी होती: दोन्हींत दोन तृतीयांशाहून जास्त दिवस सूर्य कोरा होता. 2019 मध्ये तर जवळपास चारातले तीन दिवस. ऐकायला हे फार वाटतं, पण 1913 मध्ये डागरहित दिवस तीनशेच्या वर गेले होते आणि त्यानंतर जगबुडी वगैरे काही झाली नाही. उलट विसाव्या शतकाच्या मध्यावर, 1958 च्या सुमारास, एकोणिसाव्या चक्राचं शिखर आलं, ते आतापर्यंतच्या मोजलेल्या चक्रांत सगळ्यात उंच आहे. खोल तळानंतर चक्र खचतंच असा नियम नाही.

क्षीण चक्र ही गोष्ट पुन्हा वेगळी. तिथे तळाकडे नाही, शिखराकडे पाहायचं. चोविसाव्या चक्राचं शिखर एप्रिल 2014 मध्ये आलं आणि डागांचा सरासरी आकडा (तो कसा मोजतात ते पुढे येईल) 116 च्या आसपास थांबला. एकोणिसाव्याचा 285 होता. अशी क्षीण चक्रं पाठोपाठ आली की जो काळ होतो त्याचा नमुना म्हणजे डाल्टन मिनिमम, साधारण 1790 ते 1830. त्या काळात चक्र चालूच होतं, फक्त ठेंगणं होतं.

आणि सगळ्यात वरची पायरी ग्रँड मिनिमम. इथे हिशेब दशकांचा. मॉन्डर मिनिमम, 1645 ते 1715, हा दुर्बिणीने पाहिलेला एकमेव ग्रँड मिनिमम आहे. त्याआधीचे श्पोरर मिनिमम (साधारण 1460 ते 1550) आणि वोल्फ मिनिमम (साधारण 1280 ते 1350) दुर्बिणीच्या आधीचे. ते झाडांच्या वर्तुळांतल्या कार्बन-14 वरून कळले. सूर्य शांत असला की बाहेरून येणारे विश्वकिरण पृथ्वीपर्यंत जास्त पोचतात आणि हवेत कार्बन-14 जास्त तयार होतो. झाड तो शोषून त्या वर्षीच्या वर्तुळात ठेवतं.

म्हणून कुणी 'मॉन्डर मिनिमम सुरू झालाय' म्हणालं की पहिला प्रश्न हा विचारायचा: किती दशकांची नोंद आहे? एका वर्षाची असेल तर ती फार तर मिनिममची असते.

मॉन्डर कोण, आणि ते वऱ्हाडात काय करत होते

हेनरिक श्वाबे नावाचे औषधविक्रेते जर्मनीत डेसाऊ गावी राहायचे. बुधाच्याही आत एखादा ग्रह फिरत असेल तर तो सूर्यबिंबावरून जाताना ठिपक्यासारखा दिसेल, या आशेने त्यांनी 1826 पासून रोज सूर्य पाहायला सुरुवात केली. ग्रह मिळाला नाही. पण डागांची चढउतार त्यांच्या वहीत आपोआप उमटली आणि 1840 च्या दशकात त्यांनी ती प्रसिद्ध केली.

त्यांच्या तक्त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दर वर्षासाठी त्यांनी तीन आकडे दिलेत: डागांचे समूह किती, डागरहित दिवस किती, आणि पाहिलेले दिवस किती. 1828 मध्ये 282 दिवस पाहिलं, 225 समूह, डागरहित दिवस एकही नाही. 1833 मध्ये 267 दिवस पाहिलं, 33 समूह, 139 दिवस कोरे. तो तिसरा आकडा नसता तर 139 या आकड्याला काही किंमत उरली नसती. 267 पैकी 139 आणि 150 पैकी 139 ही सर्वस्वी निराळी वर्षं आहेत.

पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ गुस्ताव श्पोरर यांनी जुन्या नोंदी चाळताना पाहिलं, की सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डागांच्या नोंदी फारच विरळ आहेत. ग्रिनिच वेधशाळेतल्या एडवर्ड वॉल्टर मॉन्डर यांनी ती गोष्ट 1890 च्या दशकात पुन्हा पुन्हा मांडली. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. त्यांच्या पत्नी ॲनी मॉन्डर स्वतः गणिती आणि निरीक्षक होत्या. चक्र पुढे सरकतं तसे डाग विषुववृत्ताकडे कसे सरकतात हे दाखवणारी फुलपाखराच्या आकाराची प्रसिद्ध आकृती या दोघांची आहे, 1904 ची.

हे दोघं आपल्याकडे येऊन गेलेत. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींनी वऱ्हाडात तळणीला तळ ठोकला होता. तिथे ॲनीबाईंनी सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचा सूर्यापासून खूप दूरवर पसरलेला एक लांब झोत आपल्या कॅमेऱ्यावर टिपला. त्याच तळावर जॉन एव्हरशेड होते, जे पुढे कोडाइकनालच्या सौर वेधशाळेचे संचालक झाले. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे के. डी. नायगामवाला जेऊरला गेले होते. मॉन्डर हे नाव उच्चारताना मला ग्रिनिचपेक्षा तळणीचं ते माळरान जास्त आठवतं, आणि आपल्या शाळांतून हे सांगितलं जात नाही याची खंत वाटते.

'मॉन्डर मिनिमम' हा शब्द मात्र मॉन्डर यांनी वापरलेला नाही. तो रूढ केला अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉन एडी यांनी, 1976 च्या एका शोधनिबंधात. ही गोष्ट खोटी असावी असाच त्यांचा आधी कयास होता. त्यांनी विचारलेला प्रश्न असा: डाग नव्हते, की पाहणारेच नव्हते? मग त्यांनी चहूबाजूंनी तपासलं. पॅरिसच्या वेधशाळेत ज्यां पिकार, कासिनी, ला हीर यांच्यासारखी माणसं चांगल्या दुर्बिणी घेऊन बसलेली होती. इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीड यांनी 1684 मध्ये एक डाग पाहिला आणि लिहून ठेवलं, की डिसेंबर 1676 नंतर आपल्याला दिसलेला हा एवढाच. म्हणजे ते वाट पाहत होते. सूर्य सक्रिय असताना जास्त दिसणारा ध्रुवीय प्रकाशही त्या काळात दुर्मीळ झाला होता. मार्च 1716 मध्ये तो दिसला तेव्हा साठीला टेकलेले खगोलशास्त्रज्ञ हॅले आयुष्यात प्रथमच तो पाहत होते. कार्बन-14 चा पुरावाही याच बाजूने होता. इतकं सगळं जुळल्यावरच एडींनी मान्य केलं.

तरी त्यानंतरही आकड्यांत एक घोळ राहिला. 1998 मध्ये जुन्या नोंदींची जी मोठी यादी तयार झाली, तिच्यात 'या काळात डाग दिसले नाहीत' अशी मोघम विधानं धरून कितीतरी दिवसांवर शून्य भरलं गेलं. प्रत्यक्षात त्यातल्या प्रत्येक दिवशी कुणी पाहिलं होतंच असं नाही. 2010 नंतरच्या दुरुस्तीत अशी संशयास्पद शून्यं काढली गेली. मॉन्डर मिनिमम टिकला, पण चित्र थोडं बदललं: सूर्य अगदी रिकामा नव्हता, चक्रही मंदपणे चालूच होतं, आणि जे थोडे डाग उमटले ते बहुतेक दक्षिण गोलार्धात.

हाच काळ आपल्या दख्खनमध्ये कसा गेला ते कुणाला सांगायला नको. 1645 म्हणजे तोरण्याच्या आगेमागे, 1674 ला राज्याभिषेक, 1689 ला संभाजीराजांचा वध, 1707 ला औरंगजेबाचा मृत्यू, 1713 ला बाळाजी विश्वनाथ पेशवेपदावर. सूर्याच्या सगळ्यात निवांत सत्तर वर्षांत इथे एक स्वराज्य उभं राहिलं, जवळजवळ बुडालं आणि परत उभं राहिलं. काही जण यातून ग्रहमान काढतात. कृपा करून तसं करू नका. शांत हे विशेषण सूर्यबिंबाचं आहे, ते खालच्या इतिहासाला लावायचं नाही.

आपण स्वतः कसं पाहायचं

आधी डोळे. सूर्याकडे दुर्बिणीतून थेट एक क्षणही पाहायचं नाही, डोळा कायमचा जातो आणि जाताना दुखतही नाही. स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला (डोळ्याजवळच्या भिंगाला) फिरवून बसवायची काळी काच मिळते, ती टाकून द्या, उष्णतेने ती तडकते. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, दोन-तीन गॉगल एकावर एक, हे सगळं वर्ज्य. फिल्टर वापरायचाच असेल तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारा, खास सूर्यासाठी बनवलेला. ग्रहणाचा चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी ठीक आहे, पण तो लावून बायनॉक्युलरला डोळा लावायचा नाही. त्या चष्म्यातून फार मोठे डाग खरंच दिसतात. मे 2024 मध्ये असा एक अवाढव्य समूह दिसत होता, आणि त्याच दिवसांत लडाखमध्ये हानले इथून ध्रुवीय प्रकाशाचे फोटो घेतले गेले.

मला पडद्यावर प्रतिमा घ्यायची पद्धत सगळ्यात आवडते, कारण चार मुलं एकाच वेळी पाहू शकतात आणि कागद जपून ठेवता येतो. 60 ते 80 मिलिमीटरची भिंगाची साधी दुर्बीण पुरते. आरशाची किंवा आरसा आणि भिंग दोन्ही असलेली दुर्बीण या कामाला घेऊ नका, आतल्या भागांत उष्णता साठते. आयपीस जुना, साध्या घडणीचा असावा. डिंकाने चिकटवलेल्या भिंगांचा महागडा आयपीस खराब होतो. छोट्या शोधक दुर्बिणीला टोपण घाला आणि वर चिकटपट्टी लावा, कारण मुलं नेमकी तिथेच डोळा नेतात.

रोख धरताना सूर्याकडे पाहायचं नाही, जमिनीवर पडलेल्या दुर्बिणीच्या सावलीकडे पाहायचं. नळीची सावली सगळ्यात लहान आणि गोल झाली की प्रकाश आयपीसमधून बाहेर येतो. नळीवर पुठ्ठ्याची मोठी चकती बसवा, म्हणजे कागदावर सावली पडेल. कागदावर 15 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून ठेवा आणि कागद पुढेमागे करून बिंब त्यात बरोबर बसवा. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या 109 पट आहे, म्हणजे या कागदावर पृथ्वी दीड मिलिमीटरपेक्षाही जरा लहान टिंब होईल. कडेला ते टिंब काढून ठेवा. डाग आणि ते टिंब शेजारी पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी मी इतकी वर्षं हे करत आले.

डाग आहे की धूळ हे ओळखायला दुर्बीण हलके हलवा. बिंबाबरोबर सरकतो तो डाग, कागदावर जागच्या जागी राहते ती आयपीसवरची धूळ. दुर्बीण स्थिर ठेवली की बिंब ज्या दिशेला सरकतं ती पश्चिम. तिथे खूण करा. वेळ शक्यतो सकाळची ठेवा, साडेआठ-नऊच्या आत. पुढे गच्ची तापते आणि प्रतिमा थरथरू लागते. रोजची वेळ एकच असेल तर फार चांगलं. पृथ्वीवरून पाहिलं तर सूर्य साधारण 27 दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, तेव्हा एखादा डाग एका कडेवर उगवून साधारण तेरा दिवसांनी दुसऱ्या कडेआड जातो.

मोजणी

झ्युरिकच्या रुडोल्फ वोल्फ यांनी घालून दिलेली रीत अजून चालते. आधी समूह मोजायचे, मग सगळे सुटे डाग. समूहांची संख्या गुणिले दहा, अधिक डागांची संख्या. समजा तीन समूह आहेत: एकात 1 डाग, दुसऱ्यात 4, तिसऱ्यात 9. तर 30 अधिक 14, म्हणजे 44. एकच एकटा डाग असेल तर तो एक समूहही आणि एक डागही, म्हणून आकडा 11. म्हणून या मोजणीत 1 ते 10 हे आकडे एका दिवसासाठी येतच नाहीत, शून्यानंतर थेट अकरा. मुलांना हे विचित्र वाटतं, पण छोट्या दुर्बिणीतून बारीक डाग हुकतात आणि समूह सहसा हुकत नाहीत, म्हणून समूहाला इतकं वजन.

तुमचा आकडा आणि जगासाठी अधिकृत आकडा काढणाऱ्या, बेल्जियमच्या रॉयल वेधशाळेतल्या केंद्राचा आकडा जुळणार नाही. दुर्बीण, डोळा, हवा, सगळ्यांचा त्यात भाग असतो. काही महिने दोन्ही आकडे शेजारी लिहिले की आपल्याला कितीने गुणायचं ते कळतं, आणि तोच गुणक पुढे वापरायचा. जुन्या पुस्तकातले आकडे आजच्या आकड्यांशी ताडताना सावध राहा: जुलै 2015 मध्ये ही सगळी मालिका नव्याने बेतली गेली आणि त्याआधीचे छापील आकडे आजच्या आकड्यांच्या साधारण 0.6 पटच असतात. 'यंदाचं चक्र जुन्यापेक्षा किती मोठं' असं सांगणाऱ्या बऱ्याच बातम्या इथेच घसरतात.

आता वहीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना. ढग असतील तर 'ढग' लिहा. गावाला गेलात तर 'पाहिलं नाही' लिहा. बिंब स्वच्छ दिसलं आणि डाग नव्हता, तरच शून्य. सांगलीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत सलग दिवस मिळत नाहीत आणि ती पानं पांढरी राहतात. राहू द्यावीत. आमच्या इथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी उन्हाळ्यातही नोंदली जाते म्हणूनच पावसाळ्यातली वाढ किती ते सांगता येतं. डागांच्या वहीचंही तसंच आहे, कंटाळवाण्या दिवसांची नोंदच पुढे कामाला येते.

आपल्या देशात ही शिस्त कोडाइकनालने पाळली आहे. सूर्याची रोजची छायाचित्रं तिथे 1904 पासून आहेत, एकाच जागेवरून इतकी लांब मालिका जगात फार थोड्या ठिकाणी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळांनंतर सूर्य आणि मोसमी पाऊस यांचा काही संबंध लागतो का हे पाहावं, हा ती वेधशाळा उभारण्यामागचा एक हेतू होता.

पाऊस, थंडी आणि हा शब्द

तो संबंध इतका सरळ निघाला नाही. आपल्याच आठवणीतली दोन वर्षं घ्या. 2009 खोल मिनिममच्या काळातलं, आणि त्या वर्षी देशात मोसमी पाऊस सरासरीच्या 78 टक्क्यांच्या आसपास, मोठा दुष्काळ. 2019 सुद्धा मिनिममचं, आणि त्या वर्षी पाऊस सरासरीच्या 110 टक्के. त्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगेने काय केलं ते आम्ही अंगावर झेललंय. सूर्य दोन्ही वेळा सारखाच कोरा होता. 'सूर्य शांत, म्हणून पाऊस कमी' किंवा 'जास्त' असं कुणी ठामपणे म्हणालं तर त्याला ही दोन वर्षं दाखवा.

थंडीचंही तसंच. शिखर आणि तळ यांच्यात सूर्याच्या एकूण तेजात साधारण 0.1 टक्क्याचा फरक पडतो. युरोपातलं 'छोटं हिमयुग' मॉन्डर मिनिममच्या बरंच आधी सुरू झालं होतं आणि त्यात ज्वालामुखींचा मोठा हात होता. 1816 साली युरोपात उन्हाळाच आला नाही, तो काळ डाल्टन मिनिममचा होता खरा, पण त्याचं मुख्य कारण 1815 मध्ये इंडोनेशियात फुटलेला तांबोरा. उद्या खराच ग्रँड मिनिमम आला तर पृथ्वी किती थंडावेल याची गणितं झाली आहेत, आणि 2010 च्या एका अभ्यासात 2100 पर्यंत फार तर 0.3 अंश सेल्सिअस असं उत्तर आलं. माणसाने वाढवलेल्या उष्णतेपुढे ते फार थोडं आहे.

मग शांत सूर्याने फरक पडतो कुठे? हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना विचारा. मिनिममच्या वर्षांत दहा मीटर तरंगलांबीचा पट्टा दूरच्या संपर्कासाठी महिनोन्‌महिने मुका होतो आणि मंडळी वीस आणि चाळीस मीटरवर येतात. वरचं वातावरण आकसतं, त्यामुळे उपग्रहांवरचं घर्षण कमी होतं आणि अवकाशातला कचराही जास्त काळ वर राहतो. उलट सूर्य जागा झाला की वातावरण फुगतं. 1979 मध्ये अमेरिकेचं स्कायलॅब हे अंतराळस्थानक अपेक्षेपेक्षा लवकर खाली आलं ते याच कारणाने. विश्वकिरण शांत वर्षांत वाढतात, म्हणून लांबच्या अंतराळप्रवासात माणसाला त्यांची झळ शांत वर्षांत जास्त बसते.

आणि शांत म्हणजे सुरक्षित असंही समजू नका. 1859 चं दहावं चक्र तसं बेताचंच होतं, त्यात सप्टेंबरमध्ये कॅरिंग्टनचं सौर वादळ आलं, नोंदलेल्यांत सगळ्यात प्रचंड. त्याची फार मोलाची नोंद आपल्या मुंबईची आहे: कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय उपकरणांनी 2 सप्टेंबरला पृथ्वीच्या क्षेत्रात झालेली जबर घसरण टिपली. ट्राम विजेवर धावू लागणार म्हणून पुढे ते काम अलिबागला हलवलं गेलं आणि आजही चालू आहे.

एक शब्द राहिला. 1964-65 ही 'शांत सूर्याची आंतरराष्ट्रीय वर्षं' म्हणून जगभर पाळली गेली. 1957-58 चं आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष सूर्याच्या शिखरावर झालं होतं, म्हणून तळावरही तितक्याच बारकाईने मोजायचं ठरलं. ऑक्टोबर 1964 मध्ये मिनिमम आलाही. हे नाव त्या मोहिमेचं आहे, दुसऱ्या कोणत्या शांत काळाला ते लावू नये.

आता सुरू करायचं झालं तर

पंचविसाव्या चक्राचं शिखर 115 च्या आसपास राहील असा तज्ज्ञांचा 2019 चा अंदाज होता. प्रत्यक्षात ते 2024 च्या उत्तरार्धात आलं आणि 160 च्या घरात गेलं. चक्र सुरू व्हायच्या आधी अंदाज करणं इतकं अवघड असतं, तेव्हा 'पुढचं चक्र येणारच नाही' असं सांगणाऱ्यांकडे किती लक्ष द्यायचं ते तुम्हीच ठरवा. भारताचं आदित्य-एल1 यान आता 6 जानेवारी 2024 पासून आपल्या जागेवरून सूर्य पाहतंय, त्यातली अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने घडवली आहे. पण त्यामुळे गच्चीवरच्या वहीचं काम संपत नाही.

हा उतार सुरू आहे तोवर वही सुरू करा, कारण पुढचा तळ 2030 च्या आसपास अपेक्षित आहे आणि तोपर्यंत तुमच्याकडे उतरणीची मालिका तयार असेल. डाग कुठे उमटतात तेही पाहत जा. चक्राच्या शेवटी ते विषुववृत्ताजवळ दिसतात. एखाद्या सकाळी विषुववृत्तापासून बरंच वर किंवा खाली, तीस अंशांच्या सुमाराला, एक बारका डाग दिसला तर त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करा आणि तारीख लिहा. तो बहुधा नव्या चक्राचा असेल. त्याच काळात जुन्या चक्राचे डागही मध्यावर येत राहतील. दोन्ही वर्षभर किंवा जास्तही एकत्र दिसतात, म्हणून एका डागावरून मिनिमम संपला असं जाहीर करू नका. तेरा महिन्यांची सरासरी काढा आणि मग ग्रुपवर लिहा.